अनुभव धागा : साध्या अमेरिकन सैनिकांच्या तोंडून ऐकलेलं युद्ध

मंडळी, अमेरिकेत राहताना युद्धावर जाऊन आलेली माणसं सहज भेटतात. कोणी शेजारी असतो, कोणी ऑफिसातला सहकारी. सेनापती आणि राष्ट्राध्यक्षांवर पुष्कळ लिहून झालंय, मला इथे साध्या शिपायांचं ऐकायचंय. तुम्ही स्वतः ऐकलंय तेच लिहा, नावं देऊ नका. अमुक युद्ध बरोबर की चूक, हा वाद कृपया दुसरीकडे.

सुरुवात मी करतो. इथे ओहायोत आमच्या शेजारचे आजोबा व्हिएतनामला होते. 1 डिसेंबर 1969 ला सक्तीच्या भरतीची सोडत टीव्हीवर दाखवली. काचेच्या बरणीत निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली 14 सप्टेंबर, म्हणजे त्या तारखेला जन्मलेल्या पोरांना सर्वांत आधी बोलावणं. आजोबांची तारीखही वरच निघाली. पुढच्या वर्षी ते प्लेकूजवळच्या डोंगराळ भागात होते. नेमणूक 12 महिन्यांची, त्यामुळे प्रत्येकाला आपली परतीची तारीख पाठ.

लढाईबद्दल ते फारसं बोलत नाहीत, पण पायांबद्दल तासभर बोलतील. पावसाळ्यात बूट कधी सुकायचेच नाहीत, मोजा ओढला की कातडीही सोबत यायची. जेवण डब्यातलं. हॅम आणि लिमा बीन्सचा डबा कोणालाच नको असायचा, पीच किंवा केक निघाला तर त्यावर सिगारेटींचा सौदा व्हायचा. डबे उघडायचं पी-38 नावाचं दीड इंची ओपनर अजून त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. मला हातात दिलं, बिजागरीवरची पात उघडून दाखवली. कड झिजून गुळगुळीत झालीय, पण परवाच त्याने टोमॅटोचा डबा उघडला म्हणाले.

तुमचं येऊ द्या.

मिनेसोटा, फिजिओथेरपिस्ट :
माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या पायाला तीनच बोटं आहेत. उरलेली 1950 च्या हिवाळ्यात कोरियात चोसिन जलाशयापाशी हिमदंशाने गेली. रात्री पारा उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंत उतरायचा. चिनी फौजांनी वेढलेलं, आणि जखमींना द्यायचा प्लाझ्मा बाटलीतच गोठलेला. वैद्यकीय मदतनीस मॉर्फिनच्या छोट्या ट्यूब तोंडात धरून फिरायचे, नाहीतर ऐन वेळी औषध बाहेरच येत नसे. जेवणाचे डबेही दगड झालेले, म्हणून टूट्सी रोलच्या गोळ्या तोंडात धरून मऊ करायच्या आणि त्यावर दिवस काढायचा. थेरपीच्या खोलीत एसी लावला की ते पहिल्यांदा मोजे ओढून घेतात. मी आता त्यांच्या वेळेला एसी बंदच ठेवते.

पुणे, निवृत्त लष्करी डॉक्टर :
मिनेसोटाच्या ताई, कोरियात आपलेही लोक होते. ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स या भारतीय लष्कराच्या वैद्यकीय पथकातले डॉक्टर आणि जवान मार्च 1951 मध्ये मुनसान-नीला अमेरिकेच्या 187 एअरबोर्न तुकडीसोबत छत्रीने उतरले होते. तुमच्या आजोबांना भारतीय डॉक्टर आठवतात का, जरूर विचारा.

नाशिक, गृहिणी :
मी कधी अमेरिकेला गेले नाही, पण यात आमच्या देवळालीचा संबंध आहे म्हणून लिहिते. 31 ऑक्टोबर 1943 ला अमेरिकन सैनिकांची सुमारे 3,000 जणांची तुकडी मुंबई बंदरात उतरली. सगळे स्वतःहून नाव दिलेले. कुठे जायचंय ते मात्र त्यांना आधी सांगितलं नव्हतं. तिथून त्यांना आणलं देवळालीच्या छावणीत, मग ललितपूरकडच्या देवगढला जंगलातल्या लढाईच्या सरावासाठी. पुढे हेच लोक मेरिल्स मरॉडर्स म्हणून ओळखले गेले.

त्यातल्या एकाचा नातू काही वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरला होता. त्याच्याकडे आजोबांची पत्रं होती, व्ही-मेलची, म्हणजे मूळ पत्राचा सूक्ष्म फोटो विमानाने पाठवून पलीकडे पुन्हा छापलेला. तळहाताएवढा कागद, बारीक अक्षर. सेन्सॉरमुळे गावाचं नाव लिहायची मुभा नव्हती, नुसतं ‘इंडिया’. एका पत्रात तक्रार होती की ताट घेऊन जेवायला बसेपर्यंत घार झडप घालते आणि मटणाचा तुकडा नेते. मी त्याला लॅम रोडवरून फिरवलं, वर आकाशात घारी दाखवल्या. तो इतका हरखला की फोटो काढायचे थांबेना.

त्याच आजोबांची पुढची पत्रं फार थोडी आहेत. फेब्रुवारी 1944 मध्ये आसामातल्या लेडोहून पायी, जपान्यांच्या ताब्यातल्या ब्रह्मदेशात शिरले, खेचरांवर सामान. 17 मे ला तिथल्या मिचिना गावाची धावपट्टी घेतली तोवर गोळ्यांपेक्षा मलेरिया, टायफस आणि हगवणीनेच जास्त माणसं झोपवली होती. हगवण अशी की कित्येकांनी पँटची मागची बाजू कापून टाकली आणि तसेच चालत राहिले. तुकडीत 14 जपानी वंशाचे अमेरिकन दुभाषे होते. जपानी शत्रूच्या हद्दीपाशी सरपटत जाऊन तिकडचे हुकूम ऐकायचे आणि सांगायचे. त्याच काळात त्यांच्यातल्या काहींचे घरचे लोक अमेरिकेतच काटेरी कुंपणाच्या छावण्यांत डांबलेले होते. हे सांगताना तो नातूसुद्धा चिडला होता, आणि त्याचं चिडणं मला योग्यच वाटलं.

अटलांटा :
त्याच लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा लेडो रोड बांधणाऱ्या सुमारे 15,000 अमेरिकन सैनिकांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय होते. त्यांतल्या एकाच्या मुलीने मला सांगितलं : बाबा आसामच्या चिखलात बुलडोझर चालवून आले, आणि घरी जाताना वर्दीतच बसच्या मागच्या, कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या बाकांवर बसले. सैन्यातला वर्णभेद संपवायचा हुकूम निघाला तो 1948 मध्ये.

कॅलिफोर्निया, एका सैनिकाची आई :
माझा मुलगा इथेच जन्मला. 2011 मध्ये अफगाणिस्तानात कंदाहार प्रांतात मेडिक, म्हणजे तुकडीचा वैद्यकीय मदतनीस होता, सगळी तुकडी त्याला ‘डॉक’ म्हणायची. मी मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवायचे. चटणी टेक्सासच्या पोरांनी बिस्किटांना लावून संपवली, मेतकुटाचं काय करायचं ते कोणाला कळलं नाही. तिथली धूळ पिठासारखी होती, दातांतसुद्धा कायम, असं तो अजून सांगतो.

मला सांगायचंय ते फोनचं. तुकडीतलं कोणी गेलं की तळावरचे फोन आणि इंटरनेट बंद व्हायचं. त्या मुलाच्या घरी अधिकारी जाऊन सांगेपर्यंत बंद. त्यामुळे दोन दिवस काही आलं नाही की आम्ही सगळ्या आया समजून जायचो. मी पुढच्या खोलीचा पडदा बाजूला करून रस्त्यावरची प्रत्येक गाडी बघायचे. मग त्याचा फोन यायचा, “आई, मी ठीक आहे.” जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच मनात यायचं की आज कुठल्यातरी दुसऱ्या दारावर टकटक झाली. तो सुखरूप आला. त्या घरच्या बाईंना मी दरवर्षी फोन करते.

ह्यूस्टन :
काकू, वाचून काय लिहावं कळत नाही. लेकाला आमचा नमस्कार सांगा. माझा एक सहकारी इराकमध्ये मालाचे ट्रक चालवायचा. तिकडे रस्त्याकडेच्या अशा वस्तूंत बॉम्ब असायचे, म्हणून पडलेली पिशवी दिसली की तो अजूनही लेन बदलतो. लोक त्याला पहिलाच प्रश्न “कोणाला मारलंस का?” असा विचारतात, ते त्याला सहन होत नाही. “तुझं काम काय होतं” असं विचारलं की मोकळा होतो. आमच्या मंडळाच्या दिवाळीला फटाके असतात, तेव्हा आसपासच्या घरांत आठवडाभर आधी तारीख आणि वेळ कळवतो. त्याला हे सांगितल्यावर म्हणाला, माहीत असलेला आवाज चालतो. हे त्याचं सगळं कुठे नोंदवता येईल का?

ओहायो (धागाकर्ता) :
ह्यूस्टनचे दादा, येईल. लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाचा, माजी सैनिकांच्या आठवणी जपणारा ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ 2000 सालापासून चालू आहे. मुलाखत कोणीही घेऊ शकतं, नातेवाईक असायची गरज नाही. किमान 30 मिनिटांचं ध्वनिमुद्रण किंवा व्हिडिओ लागतो, आणि त्यांचे फॉर्म सैनिकाने भरून द्यायचे. साधा शिपाई आणि जनरल, दोघांचं सारखंच जपलं जातं. मिनेसोटाच्या ताई, कोरियाला गेलेले आता नव्वदीच्या पुढे आहेत. आजोबांची तयारी असेल तर त्यांची मुलाखत याच महिन्यात घ्या, फॉर्म भरायला मी मदत करतो.