वनस्पतींचा अर्क + अँटिबायोटिक : रेझिस्टन्सवर खरंच उत्तर आहे का?

रानवेल :
बरेच दिवस हा विषय काढायचा होता. रेझिस्टंट, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं गेली आणि नवीन अँटिबायोटिक्स फारच हळू येतायत, मग जुन्याच औषधांना परत धार का लावू नये? दारुहळदीचं बघा, तिच्यातलं बर्बेरिन जंतूंना मारू शकतं पण स्टॅफिलोकॉकस या जंतूकडे नॉर-ए नावाचा पंप असतो, तो आत आलेलं बर्बेरिन बाहेर फेकतो. आणि त्याच जातीच्या झुडपांत दुसरा एक पदार्थ सापडला जो एकटा जंतूचं काहीच वाकडं करत नाही, फक्त तो पंप बंद पाडतो! २००० साली हे छापून आलंय. म्हणजे झाडाने जोडी आधीच जमवून ठेवलीय. मिरीतलं पायपरीनपण तोच पंप अडवतं आणि मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक कमी प्रमाणात पुरतं, प्रयोगशाळेत तरी.

पेट्रीडिश :
"प्रयोगशाळेत तरी" हीच माझी अडचण आहे. बहुतेक पेपरमध्ये अर्क आणि औषध वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून बघतात, एफआयसी इंडेक्स (दोन्ही मिळून किती कमी प्रमाणात पुरतात ते सांगणारा आकडा) ०.५ किंवा त्याखाली आला की सिनर्जी, म्हणजे दोघं एकमेकांची ताकद वाढवतात असं जाहीर, आणि विषय तिथेच संपतो. पण अर्क किती घातला ते वाचा, कित्येकदा मिलिलिटरला शेकडो मायक्रोग्रॅम. रक्तात एवढं पोचणार कसं? हळदीतलं कर्क्युमिन तर तोंडाने घेतलं की रक्तात जेमतेम सापडतं. शिवाय अर्क म्हणजे नक्की काय? जमीन बदलली, ऋतू बदलला, पाण्याऐवजी अल्कोहोल वापरलं की आतला मालच बदलतो. जंतूचा पंप अडवण्यासाठी म्हणून एकही वनस्पतिजन्य पदार्थ आजवर उपचारात मंजूर झालेला नाही.

रानवेल :
मंजूर नाही म्हणून कल्पना चूक ठरत नाही ना. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड एकटं जवळपास निरुपयोगी, पण अँटिबायोटिक मोडणारं जंतूचं एन्झाइम अडवतं म्हणून अमॉक्सिसिलिन परत कामाला आलं. ते मातीतल्या बॅक्टेरियापासून मिळालं हे मान्य, पण तत्त्व तेच की. आणि सगळं रक्तातूनच कशाला जायला हवं, जखमेवर मलम लावलं तर जास्त प्रमाण थेट जागेवर देता येतं.

औषधवाली :
मी फार्मसीत काम करते, मला वेगळीच काळजी वाटते. पायपरीन फक्त जंतूचा पंप अडवत नाही, आपल्या शरीरातली औषधं मोडणारी एन्झाइम्सपण अडवतं. फिट्ससाठी फेनिटॉइन घेणाऱ्याच्या रक्तात त्यामुळे औषधाची पातळी वाढू शकते आणि फेनिटॉइनमध्ये योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार कमी असतं. असलं काही वाचून लोक गोळ्यांबरोबर स्वतःच काढे सुरू करतात, वर कोर्सपण अर्धा सोडतात. कृपा करून "नैसर्गिक" हा शब्द "सुरक्षित" या अर्थी वापरू नका.

माळरान :
पायपरीन टीबीच्या एका गोळीत आलेलं आहे बरं का, रिफॅम्पिसिन या टीबीच्या अँटिबायोटिकचं प्रमाण कमी करून, सोबत पायपरीन मोजून १० मिलिग्रॅम.

पेट्रीडिश :
हो, पण ते रेझिस्टन्स मोडायला नाही, रिफॅम्पिसिन रक्तात जास्त पोचावं म्हणून. आणि तो अर्क नाही, शुद्ध केलेला एकच रेणू आहे, मला हेच हवंय. आणखी एक, हे पंपाचे चांगले निकाल बहुतेक स्टॅफिलोकॉकसवरचे आहेत. अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे बरेचसे वनस्पती रेणू आत शिरतच नाहीत आणि आयसीयूत आज जास्त भीती त्यांचीच आहे.

रानवेल :
आवरणाचं पटलं, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. ओव्यातलं थायमॉल जंतूंची आवरणं ढिली करतं पण ते आपल्या पेशींनापण झोंबतं. मात्र एकच रेणू हवा हा हट्ट मला पटत नाही. अर्काचे भाग वेगळे करत गेलं की कधीकधी परिणामच नाहीसा होतो, कारण काम दोघातिघांनी मिळून केलेलं असतं. बर्बेरिन एकटं काढून तपासलं असतं तर तुम्ही ते कमजोर म्हणून टाकून दिलं असतंत.

पेट्रीडिश :
मग ते दोघंतिघं कोण ते शोधा, प्रत्येकाचं प्रमाण ठरवा आणि उंदरात दाखवा. तोवर मी याला औषध म्हणणार नाही.