वॉर्डात मुलींचं डोकं 'ब्लँक' होतं, मेंदूच्या कलाने शिकवायचं तरी कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. सध्या बीएस्सी दुसऱ्या वर्षाची बॅच मेडिकल वॉर्डात आहे.

परवाचीच गोष्ट. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांचा (म्हणजे २० थेंबांना १ मिली). फळ्यावर असं गणित मिनिटात सोडवणारी मुलगी रोलर क्लॅम्पला (थेंबांचा वेग कमी-जास्त करायच्या चाकाला) हात लावून नुसती उभी! मागे सिस्टर, समोर नातेवाईक, शेजारी मी. पॅसेजमध्ये आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, मिनिटाला २१ थेंब!" (५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. बरोबरच होतं.) येत होतं, पण ऐनवेळी आठवत नव्हतं.

ताणात आठवणं अडतं आणि डोक्यात एका वेळी मोजकंच मावतं, हे वाचलंय. मानसशास्त्रज्ञ मिलर १९५६ मध्ये सातच्या आसपास गोष्टी म्हणाला, कावन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये ते चारवर आणलं. आम्ही मात्र पहिल्याच दिवशी फाइल, ट्रॉली, केस स्टडी सगळं ओततो.

महिनाभर एक बदल केलाय. सकाळी आठला वह्या मिटून कालचं आठवून लिहायचं, दहा मिनिटं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून पाहणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं, त्यावरून सुचलं. फरक दिसतोय. पण तोच प्रश्न बेडजवळ विचारला की त्याची व्हायवा (तोंडी परीक्षा) होते!

मग पेशंटसमोर विचारायचंच नाही का? आणि नाईट ड्यूटी करून आलेल्या मुलींकडून सकाळी हे करून घ्यावं की झोपू द्यावं? ('व्हिज्युअल' म्हणजे बघून शिकणाऱ्या, 'ऑडिटरी' म्हणजे ऐकून शिकणाऱ्या असे गट पाडा, हा सल्ला कृपया नको. त्याने शिकणं सुधारतं याला पुरावा नाही, तरी स्टाफ मीटिंगमध्ये दर वेळी तोच येतो.)

प्रतिसाद १: नाईटवाल्यांना झोपू द्या, शिकलेलं झोपेत पक्कं होतं. बेडजवळ मी आधी स्वतःच मोठ्याने बोलते: "किती मिली? किती मिनिटं? सेट कुठला?" दुसऱ्या पेशंटला शेवटची पायरी विद्यार्थिनीची, तिसऱ्याला शेवटच्या दोन. चौथ्याला मी गप्प. आणि २१ थेंब मिनिटभर मोजत बसवू नका, १५ सेकंदांत ५ आले की झालं.

धागाकर्ती: हे सोमवारी करून बघते. पण बॅचमध्ये बारा जणी आहेत, एवढे पेशंट कुठून आणायचे? तुम्ही कसं जमवता?