प्रति: सुट्टीत मुलांना न्यायचं कुठे?
वर कुणीतरी लिहिलंय, मे महिन्यात शनिवार-रविवारी सांगलीत मुलांना दाखवण्यासारखं काही नाही, सरळ पुणं गाठा. अहो, आधी मिरज तरी गाठा! परवा लेकीला सतारमेकर गल्लीत नेलं. एक काका तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावत होते. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला आणि मघाशी ठणठणणारी तार एकदम घुमायलाच लागली. लेक दहा मिनिटं गप्प! (घरी हा चमत्कार होत नाही.) तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, हेही तिथंच कळलं.

दुसरा रविवार औंधला द्या (पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं). तिथले राजे पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा. यमाईदेवीच्या देवळाची टेकडी मात्र ऊन चढायच्या आत उरका, दुपारी पायऱ्यांवर पाय ठेववत नाही.