करपा काढणीआधीच सालीत शिरलेला असतो

लवंगेच्या किंवा गवती चहाच्या तेलाचा हात फिरवला की आंब्याला बुरशीनाशकाची गरज उरत नाही, हे अनेकदा मांडले जाणारे मत मला अर्धेच पटते. या तेलांत बुरशी रोखण्याची शक्ती आहे, यात वाद नाही. परंतु करपा हा आंब्याचा बुरशीजन्य रोग बहुधा मोहोराच्या आणि कोवळ्या फळाच्या काळातच सालीत शिरतो, हिरव्या फळात सुप्त राहतो आणि फळ पिकू लागले की काळ्या डागांच्या रूपाने वर येतो. वरून चोळलेले तेल तिथवर पुरेसे पोहोचत नाही, आणि प्रमाण वाढवावे तर साल भाजते व हापूसचा स्वतःचा वास झाकला जातो.

उष्णता मात्र पोहोचते. काढलेली फळे त्याच दिवशी ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटे बुडवून, साध्या पाण्यात निववून आणि पूर्ण सुकवून मगच आम्ही आढी लावतो, आणि तेव्हापासून डागाळलेली फळे स्पष्टपणे कमी झाली आहेत. थर्मामीटर मात्र हवाच, कारण फळे टाकताच पाणी निवते आणि घाईने जाळ वाढवला तर साल भाजते. या उपचाराचा प्रभाव पुढे टिकत नसल्याने नंतर नवी बुरशी लागू शकते. तेलाचा उपयोग करायचाच असेल, तर तो या टप्प्यावर, अगदी सौम्य प्रमाणात करून पाहावा.