किण्व, विकर आणि काजवा

जांबोटीकर:
मृगाच्या तोंडावर आमच्याकडं कणकुंबी-चोर्ल्याच्या रानात झाडंच्या झाडं लुकलुकतात. परवा पुतण्या (कन्नड माध्यम, नववी) म्हणाला, "काका, मिंचुहुळाच्या पोटात किण्व असतंय, त्यानं उजेड पडतोय." मिंचु म्हणजे वीज, हुळ म्हणजे किडा, एवढं कळलं. खरं किण्व? आम्ही शिकलो ते किण्वन इडलीच्या पिठाचं. काजवा आंबतो की काय? मराठी शब्द सांगा की.

निपाणकर:
पोरगं बरोबर आहे. एन्झाइमला, म्हणजे जिवांच्या अंगातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, कन्नड पुस्तकात किण्व म्हणतात, मराठीत विकर. संस्कृतात किण्व म्हणजे मद्य आंबवायचं विरजण. आणि 'एन्झाइम' या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थही 'खमिरातलं' असाच! कन्नडवाल्यांनी मुळाला धरून शब्द उचलला. आपलं 'विकर' ऐकून डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही. मला किण्वच आवडतं, पण मराठीत ते आंबवण्यात अडकून बसलंय.

काजव्यातलं विकर लुसिफेरेज, आणि ते ज्याच्यावर काम करतं ते लुसिफेरिन. लॅटिनमध्ये लक्स म्हणजे उजेड, फेरे म्हणजे वाहून नेणं. ही नावं फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबोआ यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. चमकणाऱ्या जिवांचा त्यांनी गार पाण्यात अर्क काढला, तो थोडा वेळ चमकून विझला. गरम पाण्यातला चमकलाच नाही. दोन्ही एकत्र ओतले तर पुन्हा उजेड! गारात लुसिफेरिन संपून विकर उरलेलं, गरमात विकर मेलेलं पण लुसिफेरिन शाबूत.

वडगावची:
काजव्यात स्फुरद (फॉस्फरस) असतं असं लहानपणी ऐकलंय. मग स्फुरदीप्ती म्हणायचं का?

निपाणकर:
नको. स्फुरदीप्ती म्हणजे बाहेरचा उजेड शोषून नंतर सावकाश सोडणं, भिंतीवरच्या रात्री चमकणाऱ्या चांदण्यांसारखं. काजवा स्वतःच उजेड बनवतो. त्याला लुसिफेरिन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम आणि एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन) लागतं. एटीपी लागतं हे अमेरिकी शास्त्रज्ञ मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवलं. गंमत म्हणजे एटीपीत फॉस्फेटचे तीन गट असतात, तेव्हा ऐकीव गोष्ट अगदीच पोकळ नाही. शब्द मात्र जीवदीप्ती.

जांबोटीकर:
मग 'काजवा पेटला' हे चूकच. मुठीत धरला तरी चटका नाही.

वडगावची:
मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून एक जोड. विकर आणि संप्रेरक यांची गल्लत नको. विकर जागेवर राबतं, संप्रेरक रक्तातून निरोप नेतं. 'हार्मोन'चं ग्रीक मूळही 'चेतवणे', म्हणून संप्रेरक चपखल. डोळा घडताना थायरॉइडचं संप्रेरक कमी असेल तर निळा रंग टिपणाऱ्या शंकुपेशी बनतात, पुढं ते वाढलं की तांबड्या-हिरव्या. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी दृष्टिपटलावर (डोळ्यामागच्या पडद्यावर) 2018 मध्ये हे दिसलं.

जांबोटीकर:
पुतण्याला वाचून दाखवलं. विचारतोय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात तेव्हा कुठलं किण्व?

वडगावची:
कुठलंच नाही. डोक्याला दणका बसला की बघायच्या पेशी उजेड नसतानाच 'उजेड, उजेड' असं कळवतात. मार कुणाचा खाल्ला ते विचारा आधी.