आयुर्वेदाला छद्मविज्ञान म्हटलं म्हणून विकिपीडिया लगेच डावा?

चिंचपोकळीकर
कॉलेजच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने सकाळी सकाळी पोस्ट टाकली. सार असं: इंग्रजी विकिपीडिया आयुर्वेदाला छद्मविज्ञान ('सूडोसायन्स') म्हणतो, म्हणजे तो डाव्यांच्या ताब्यात आहे. सहसंस्थापक लॅरी सँगरच हे सांगतो, तेव्हा मुलांना ते वाचू देऊ नका. ग्रुपवर भांडणार नाही असं बायकोला वचन दिलंय, म्हणून इथे लिहितोय.

सँगर २००२ मध्येच तिथून बाहेर पडला. २०२० मध्ये त्याने लिहिलं की तटस्थतेचं धोरण मेलंय. त्याच्या तक्रारींत ओबामा, ट्रम्पपासून पर्यायी वैद्यकापर्यंत सगळं आहे. असू दे. पण ज्ञानकोश सत्य ठरवत नाही, विश्वासार्ह संदर्भांत काय छापलंय ते मांडतो. स्वतःचं संशोधन तिथे चालत नाही, माझंही नाही आणि धन्वंतरीचंही नाही. आयुर्वेदिक औषध उत्पादकांची संघटना या लेखावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली. कोर्टाचं म्हणणं, लेखात बदल तुम्हीही करू शकता की. आता बोला.

दशमूळ
बोलतो. बीएएमएस, बावीस वर्षं प्रॅक्टिस. 'बदल करा' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तसा प्रयत्न केलाय? असल्या वादग्रस्त पानांना कुलूप असतं. खातं ३० दिवस जुनं हवं, खात्यावर ५०० संपादनं हवीत. मी पेशंट बघू की पाचशे स्वल्पविराम दुरुस्त करत बसू?

आणि सर्पगंधेचं काय? मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण छापला, तेव्हा कुठे पाश्चात्त्यांचे डोळे उघडले. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियाच्या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळालं ते जुन्या चिनी ग्रंथातल्या वनस्पतीवरच. आमच्या ग्रंथात असलं की छद्म!

नळस्टॉप
दशमूळ, धोंडा स्वतःच्याच पायावर पाडून घेतलात. वकिलांनी पेशंट मोजले, रक्तदाब मोजला, मग छापलं. सर्पगंधा गुणी निघाली म्हणून वात-पित्त-कफ सिद्ध होत नाहीत. छद्म म्हणतात ते सिद्धांताला, वनस्पतीला कोणी म्हणत नाही. शिवाय जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेला अभ्यास वाचा. बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक.

दशमूळ
बोस्टनच्या वाणसामानाच्या दुकानातलं! शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून भाजणं, नीट झालेलं भस्म आणि डबीतली भुकटी यांत फरक असतो. पण ते कळायला रसशास्त्र वाचावं लागतं, विकिपीडिया नाही.

सुगरण_नागपूर
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. कोविडच्या काळात आमच्या सोसायटीच्या कुंपणावरची गुळवेल अर्ध्या बिल्डिंगने ओरबाडली. सासरे सात महिने रोज सकाळी पेलाभर काढा. नंतर जेवण जाईना, डोळे पिवळेजर्द. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरचं काय काय घेता? काढा बंद केला, दोन महिन्यांनी कावीळ उतरली. सासरे अजून म्हणतात, ती कावीळ हॉटेलच्या पाण्याची. शेजारच्या काकूंनी त्याच वेलीचा काढा पिला, त्या ठणठणीत.

शुद्धमती
'प्यायला'.

दशमूळ
ताई, ती गुळवेलच होती कशावरून? टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे गुळवेल, वेगळी; टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी. क्रिस्पाच्या खोडावर गाठीच गाठी असतात, आणि यकृताला त्रास तिचा होतो. वैद्याला दाखवली होती? नाही. व्हॉट्सॲपला विचारलं आणि बदनाम आम्ही.

नळस्टॉप
२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची माहिती छापली, तेव्हा आयुष मंत्रालयही असंच म्हणालं होतं, वनस्पती कुठली ते आधी तपासा. पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. तेव्हा वेल बदलली की डॉक्टर?

दशमूळ
कोट्यवधी लोकांनी काढा घेतला, तुम्ही ४३ सांगता. अंश दाखवता, छेद कुठाय? आणि त्या सहांतल्या काहींच्या शरीरात ऑटोइम्यूनची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याची, खोड आधीच होती, हे का गाळलंत?

नळस्टॉप
छेद कोणाकडेच नाही, हे कबूल. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. पण तो शोधायचं काम औषध विकणाऱ्याचं आहे, सुगरणताईंच्या सासऱ्यांच्या लिव्हरचं नाही. आणि अशी खोड कोणात आहे हे कुंपणावरून वेल तोडताना कळतं का?

बे_एरियातला_बंडू
गुळवेल सोडा हो. मी मराठी विकिपीडियावर आमच्या ग्रामदैवताच्या जत्रेवर चार रात्री जागून लेख लिहिला. संदर्भ नाही म्हणून उडवला. जत्रेला संदर्भ कुठून आणू, देवाची सही? पक्षपात डावा नसतो, उजवा नसतो. ज्याच्याकडे वेळ आहे त्याचा असतो.

उजव्यांनीही करून पाहिलंय म्हणा. विकिपीडिया डावा म्हणून २००६ मध्ये इथे अमेरिकेत अँड्र्यू श्लाफ्लीने कॉन्झर्व्हापीडिया काढला. तिथे आइन्स्टाइनची सापेक्षताही उदारमतवाद्यांचं खूळ ठरली.

शुद्धमती
'छद्म' म्हणजे कपट, सोंग. इंग्रजी शब्दात फक्त खोटेपणा आहे, मराठीत आपण त्यात फसवण्याचा हेतूही घुसडला. दशमूळ यांना राग येणं साहजिक आहे. 'आभासी विज्ञान' म्हणा.

चिंचपोकळीकर
आभासी म्हटलं की ऑनलाइन शाळा आठवते. पण मुद्दा पटला, नाइलाजाने.

दशमूळ
माझा मुद्दा तसाच राहिला. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, जाब विचारायला माणूस सापडतो. इंग्रजी विकिपीडियावर कोण कुठला, टोपणनावामागे बसून हजारो वर्षांच्या शास्त्राचा निकाल लावतो.

नळस्टॉप
असं 'दशमूळ' म्हणतात.

दशमूळ
टवाळी करा. दवाखान्यात या, पाटीवर नाव आहे.

सुगरण_नागपूर
भांडा तुम्ही. दोन वेली ओळखायच्या कशा, एवढं कोणीतरी मराठीत फोटोसकट लिहा. कुंपणावर ती अजून आहे आणि सासऱ्यांना मधूनमधून आठवण येते.

दशमूळ
ताई, तुमच्यासाठी लिहितो, मराठी विकिपीडियावरच. पण बंडूच्या जत्रेसारखं उडवलं तर मग बघा.

चिंचपोकळीकर
संदर्भ द्या, उडणार नाही.

दशमूळ
आयुर्वेदाचा जुना ग्रंथ भावप्रकाश चालेल?

नळस्टॉप
गुळवेलीच्या वर्णनाला चालेल. कावीळ आली की १३ केंद्रंच.