चेहरा बदलला तेव्हा तुम्ही थांबलात का? ‘डॉक्टर हू’ पाहणाऱ्यांचे अनुभव

गेल्या रविवारी सकाळी नागपुरात धरमपेठेत तर्री पोह्यांच्या गाडीपाशी आम्ही पाच-सहाजण उभे होतो. कोणीतरी ‘डॉक्टर हू’चा विषय काढला आणि पोहे हातातच गार झाले. खरा डॉक्टर कोणता, यावर एकमत होईना. म्हणून हा धागा.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला बीबीसीवर ती सुरू झाली. निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळात कुठेही जाणारा, परग्रहावरचा एक माणूस, त्याचं नाव फक्त ‘डॉक्टर’. तीन वर्षांत पहिला नट विल्यम हार्टनेल याला प्रकृतीमुळे काम झेपेना. तेव्हा निर्मात्यांनी ठरवलं की हा माणूस मरायला टेकला की त्याचं शरीरच बदलतं. चेहरा नवा, स्वभाव नवा, आठवणी मात्र त्याच. काहीजण याला अवतार म्हणतात, मला ते पटत नाही. ही कात टाकणं आहे. १९८९ ला मालिका थांबली, २००५ ला परत आली (सीझनचे आकडे तिथून नव्याने मोजतात), आणि आमच्यासारख्यांची ओळख बहुतेक तिथूनच झाली.

सुरुवात मीच करते. माझा डॉक्टर डेव्हिड टेनंट. त्याचा शेवटचा भाग मी मे महिन्यात भरदुपारी पाहिला. कूलरचा आवाज इतका, की कानात इअरफोन दाबून धरावे लागत होते. जायच्या आधी तो म्हणतो, मला जायचं नाहीये. तेवढंच. भाऊ खोलीत येऊन म्हणाला, “रडून काय राहिली तू?” मला उत्तर देता आलं नाही. पुढचा मॅट स्मिथ दिसल्याबरोबर मी संगणक बंद केला आणि दोन वर्षं मालिकेला हात लावला नाही. त्या पोराचा मला खरोखर राग आला होता.

परत आले ती २०१० च्या सीझनमधल्या व्हॅन गॉगच्या भागामुळे. मी शाळेत चित्रकला शिकवते, मैत्रिणीने आग्रह केला म्हणून तेवढाच भाग पाहायला बसले. डॉक्टर व्हॅन गॉगला आजच्या पॅरिसच्या संग्रहालयात आणतो, त्याच्याच चित्रांच्या दालनात उभं करतो आणि तिथल्या जाणकाराला विचारतो, हा चित्रकार तुम्हाला कसा वाटतो? तो माणूस सांगत जातो, मागे उभा असलेला व्हॅन गॉग ऐकत जातो. मॅट स्मिथ त्या वेळी काहीच करत नाही, नुसता त्याच्याकडे पाहत राहतो. त्या पाहण्याने माझा रुसवा गेला. मग मागे जाऊन सगळा पाचवा सीझन पाहिला. लहानगी अमेलिया सूटकेसवर बसून अंगणात रात्रभर वाट पाहते, तो पहिलाच भाग मी दोन वर्षं टाळला होता याचं आजही वाईट वाटतं.

आता तुम्ही लिहा. सीझनला मार्क देऊ नका, तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा.

अजनीहून

ताई, मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. ही मालिका मुलाच्या हार्ड डिस्कवरून पाहिली. तुमच्या भांडणाचं मला नवल वाटलं नाही. लागूंचा नटसम्राट मोठा की दत्ता भटांचा, यावर आमच्या घरी वडील आणि काका आठ-आठ दिवस बोलत नसत. भूमिका एक आणि नट अनेक, हे आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की बेलवलकर तोच राहतो आणि इथे माणूसच बदलतो.

माझा डॉक्टर ख्रिस्तोफर एक्लस्टन. एकच सीझन, तेरा भाग. त्याला फारसं कोणी विचारत नाही, पण मालिका परत उभी केली ती त्याने. कातडी जाकीट, बारीक कापलेले केस, हसला तरी डोळ्यांत युद्धातून एकटाच वाचून आलेल्या माणसाचा अपराध. लंडनवर बॉम्ब पडत असतानाचा भाग आहे, गॅस मास्क घातलेलं पोर आई शोधत फिरतं. शेवटी एकही माणूस मरत नाही, तेव्हा तो लहान मुलासारखा आनंदाने ओरडतो. रेल्वेत असताना दोन मोठे अपघात जवळून पाहिले आहेत. एकदा तरी सगळे वाचावेत, ही इच्छा काय असते ते मला कळतं. एक्लस्टन ती खरी करून दाखवतो. टेनंट चांगलाच आहे, पण त्याला मिळालेलं घर एक्लस्टनने बांधलेलं होतं.

रामदासपेठेतून, अगदी थोडं

‘ब्लिंक’. २००७. डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो, तरी माझ्या मते तिसऱ्या सीझनचा तो कळस. दगडी पुतळे आहेत, तुम्ही पाहत असाल तोवर जागचे हलत नाहीत. पापणी लवली की संपलं. तो पाहिला त्याच आठवड्यात रात्री एक वाजता स्टेशनवरून ऑटोने झिरो माइलपाशी आलो. तिथले चार घोड्यांचे पुतळे दिव्यात उभे. ऑटो वळेपर्यंत मी डोळे मिटले नाहीत. आजही तिथून जाताना एकदा पाहतोच.

महालातून

मी तीन वर्षं एमपीएससीची तयारी करून राहिलोय. माझा डॉक्टर पीटर कपाल्डी आणि माझा भाग २०१५ चा ‘हेवन सेंट’.

आधी कबूल करतो की आठवा सीझन मी अर्ध्यावर सोडला होता. म्हातारा, कडवट, सोबतच्या क्लाराशी फटकून वागणारा. मॅट स्मिथनंतर तो घासच गिळेना. नवव्या सीझनमध्ये तोच माणूस गिटार घेऊन येतो आणि मोकळा होतो. आठव्यात तो विचारत होता, मी चांगला माणूस आहे का? ते विचारणं मला तेव्हा कंटाळवाणं वाटलं होतं.

‘हेवन सेंट’मध्ये जवळजवळ पूर्ण भाग तो एकटा आहे. समुद्रातला किल्ला, मागे संथ चालत येणारा मृत्यू, आणि बाहेर जायच्या वाटेवर हिऱ्याहून कठीण अशी वीस फूट जाडीची भिंत. तो भिंतीवर मुठीने काही ठोसे मारतो, मरतो, यंत्रातून पुन्हा पहिल्यासारखा तयार होतो, सगळं विसरलेला. मग पुन्हा तोच किल्ला, तीच भिंत, तेच ठोसे. असं चारशे कोटींहून जास्त वर्षं. सोबत तो एका पाखराची गोष्ट सांगत राहतो, शंभर वर्षांतून एकदा हिऱ्याच्या डोंगरावर चोच घासणाऱ्या पाखराची.

दुसऱ्या प्रयत्नात मुख्य परीक्षा हुकली, त्याच्या चौथ्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात बसून मोबाइलवर हा भाग पाहिला. मुठीतून रक्त आलं की तो हात खाली घेतो, बोटं एकदा उघडतो आणि परत वळतो. ती बोटं उघडणं मी चार वेळा मागे नेऊन पाहिलं. मग वर जाऊन जागेवर बसलो, राज्यव्यवस्थेचं पुस्तक पहिल्या पानापासून काढलं. दहावा सीझनही जरूर पाहा, कपाल्डी तिथे सगळ्यात सहज आहे. पण माझं त्याच्याशी जे आहे ते त्या भिंतीपाशी आहे.

जरीपटक्याहून

मी जोडी व्हिटेकर हिच्यासाठी लिहिते, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही असं वाटलं. २०१८ ला ती आली तेव्हा बाई डॉक्टर कशी, यावरच लोक अडून बसले. मला विचाराल तर तिच्यात कमी नव्हतं, लिखाणात होतं. अकराव्या सीझनमध्ये सोबतीला तीन-तीन माणसं, प्रत्येकाला दोन वाक्यं, आणि डॉक्टर समजावून सांगत बसते.

पण त्याच सीझनमध्ये ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ आहे. ऑगस्ट १९४७, पंजाबातलं एक शेत. सोबतच्या यास्मिनची नानी, तेव्हाची तरुण उम्ब्रीन, प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी लग्न करून राहिलीय आणि त्याच दिवशी मधून सीमारेषा जाते. डॉक्टर पुरोहित होऊन लग्न लावते. जे घडणार ते तिला माहीत आहे आणि थांबवता येत नाही.

आमचं घर सिंधी. दादी सक्करहून लहानपणी आली, आधी कॅम्प, मग जरीपटका. फाळणीबद्दल घरात ती कधी बोलत नव्हती. मी भाग पाहत होते तेव्हा ती शेजारी भाजी निवडत बसली होती. इंग्रजी तिला येत नाही. शेतात दोरी बांधून सीमा दाखवतात ना, तिथे तिचे हात थांबले. मला म्हणाली, “हे कुठलं आहे?” मी सांगितलं. मग मालिकेतले ते परग्रहावरचे दोघे, जे एकट्याने मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी साक्षीला उभे राहतात, ते कोण, हे मी तिला समजावलं. ती बराच वेळ गप्प. नंतर तिने आपल्या मामाचं नाव घेतलं, जे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गाडीत बसताना मागे राहिलेला मामा. शेवटी नावं येतात तेव्हा नेहमीची धून आपल्याकडच्या गळ्यात गायली आहे, ती संपेपर्यंत दादीने टीव्ही बंद करू दिला नाही.

तो सीझन कितीही वाईट ठरवा, माझ्या घरात तो सगळ्यात मोठा आहे.

वर्धा रोडवरून, आई

मी स्वतः फार पाहिलेली नाही, मुलगा वेडा आहे. त्याचा आवडता टॉम बेकर, लांब मफलरवाला, १९७४ ते १९८१. हे मी त्याच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. मालिकेच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौला जन्मलेला, हेही.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने नव्या कूलरच्या खोक्याला निळा ऑइलपेंट लावून ते यान केलं. आवाज हवा होता. मूळ आवाज करताना ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या जाड तारेवर घराची किल्ली घासली होती, असं त्याने वाचलं. आमच्याकडे पियानो नाही, सासूबाईंचा तंबोरा आहे. एका दुपारी आत झोपले होते तर बाहेरून खर्जाच्या तारेवरून किल्ली ओढल्याचा तो घरघरता आवाज आला. धावत गेले, पाहते तर सासूबाई तंबोरा मांडीवर घेऊन बसलेल्या, किल्ली त्यांच्याच हातात, आणि पोरगा मोबाइल धरून म्हणतोय, “आजी, अजून हळू ओढ.”

पुन्हा मी

जरीपटक्याच्या ताई, तुमचं वाचून मी अकरावा सीझन परत काढला आहे. मीही तो तिसऱ्या भागानंतर सोडला होता.

अजनीचे काका, तुम्ही पुढचं पाहिलंय का? २०२२ मध्ये टेनंट परत आला, मग शूटी गाटवा, आणि मे २०२५ मध्ये गाटवा जाताना समोर आला तो बिली पायपरचा चेहरा. तुमच्या एक्लस्टनच्या सोबत असलेली ती रोज. या वेळी मी संगणक बंद केला नाही.